फुलर ऑलब्राइट

फुलर ऑलब्राइट (१२ जानेवारी १९०० – ८ डिसेंबर १९६९) हे अमेरिकन वैद्य व अंतःस्रावशास्त्रज्ञ होते. प्रौढ वयात हाडे दुर्बल करणारे विकार अनेक असून त्यांची कारणे व उपचार भिन्न आहेत, ही मांडणी रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना होणाऱ्या अस्थिसुषिरतेचा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिसचा, स्त्रीसंप्रेरकांच्या अभावाशी असलेला संबंध त्यांनी दाखवून दिला.

शिक्षण

ऑलब्राइट यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. त्यांचे वडील जॉन ऑलब्राइट हे उद्योगपती होते. १९२४ मध्ये फुलर यांनी हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाची पदवी घेतली. त्यानंतर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी जोसेफ ऑब यांच्याबरोबर शिशाच्या विषबाधेवर काम केले. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठत असल्याने या कामातूनच ते कॅल्शियमच्या चयापचयाकडे वळले. १९२८-२९ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे याकोब एर्डहाइम या विकृतिशास्त्रज्ञाकडे अभ्यास केला. पुढील कारकीर्द त्यांनी बॉस्टनच्या त्याच रुग्णालयात व्यतीत केली.

संशोधन

रुग्णाला मोजून आहार द्यावयाचा, मलमूत्रावाटे किती कॅल्शियम व फॉस्फरस बाहेर पडतो ते तपासावयाचे आणि शरीरात खनिजांची भर पडते की घट होते हे ठरवावयाचे, अशी ऑलब्राइट यांची पद्धत होती. या ताळेबंदाला रक्ततपासणी व क्ष-किरण चित्रे यांची जोड देऊन त्यांनी हाडांच्या दुर्बलतेचे प्रमुख प्रकार वेगळे केले.

अस्थिमृदुतेत हाडाचा प्रथिनमय सांगाडा तयार होतो, परंतु त्यात पुरेशी खनिजे भरली जात नाहीत. ड जीवनसत्त्वाचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परावटू ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यास हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरतो, हाडे झिजतात व मुतखडे होतात. येथे दोषी ग्रंथी काढून टाकणे हा उपाय ठरतो. अस्थिसुषिरतेत मात्र जे हाड असते त्यातील खनिजांचे प्रमाण योग्य असते. हाडच कमी उरलेले असते. रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस सहसा प्राकृत असल्याने हा विकार मणके खचून पाठीला बाक येईपर्यंत किंवा अस्थिभंग होईपर्यंत ध्यानात येत नाही.

१९४०-४१ मध्ये ऑलब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. इस्ट्रोजेन दिल्यास अशा रुग्णांच्या शरीरात कॅल्शियम टिकून राहतो, हे त्यांनी दाखविले. वाकलेली पाठ ही केवळ वार्धक्याची खूण मानण्याऐवजी तिच्याकडे उपचारयोग्य विकार म्हणून पाहण्याची वाट यामुळे मोकळी झाली. दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने व अधिवृक्क ग्रंथींच्या अतिस्रावानेही हाडे विरळ होतात, हेही त्यांनी नोंदविले.

एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह त्यांनी लिहिलेला परावटू ग्रंथी व चयापचयी अस्थिविकार यांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅक्यून-ऑलब्राइट लक्षणसमूह त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आजारपण व मृत्यू

वयाच्या चाळिशीपूर्वीच ऑलब्राइट यांना कंपवाताने ग्रासले. हातांचा कंप व अस्पष्ट होत गेलेली वाणी यांवर मात करीत, सहकारी व विद्यार्थी यांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे वीस वर्षे संशोधन चालू ठेवले. त्यांचे बहुतेक महत्त्वाचे कार्य याच काळातील आहे. १९५६ मध्ये त्यांनी कंपवातावर मेंदूची शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या वेळी झालेल्या रक्तस्रावामुळे त्यांची वाचा व हालचाल जवळजवळ नष्ट झाली. उरलेली तेरा वर्षे त्यांनी त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून काढली व तेथेच त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

इस्ट्रोजेनच्या अभावी नवे हाड कमी तयार होते, असे ऑलब्राइट मानीत. हाडांची झीज वाढणे हे मुख्य कारण असल्याचे पुढील संशोधनात आढळले. इस्ट्रोजेनच्या दीर्घ वापराचे धोकेही नंतर स्पष्ट झाले. आज झीज रोखणारी इतर औषधे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व व्यायाम यांवर भर दिला जातो. तथापि आधी दुर्बलतेचे कारण शोधावे व मग उपचार ठरवावा, हे त्यांनी घालून दिलेले सूत्र कायम आहे. अस्थिसंशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांना अमेरिकेत त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.