धंदा : शेतकरी आणि विणकर

गांधीजी म्हटलं की चरखा डोळ्यांसमोर येतोच. पण १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये हातमाग-चरख्याबद्दल लिहिताना त्यांनी चरखा पाहिलासुद्धा नव्हता! १९१५ ला दक्षिण आफ्रिकेहून परत आले तेव्हाही नाही. म्हणजे थिअरी आधी आणि प्रॅक्टिकल कितीतरी वर्षांनी, अगदी आपल्यासारखं.

१८६९ चा पोरबंदरचा जन्म, लंडनची बॅरिस्टरी, आफ्रिकेतला सत्याग्रह हे सगळं आपण शाळेत घोकलंय. मला त्यांच्यातला इंजिनिअर जास्त आवडतो. अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी हातमाग बसवले. पुतणे मगनलाल विणायला शिकले. कापड निघालं, पण सूत गिरणीचं. मग स्वदेशी कसलं?

गंगाबेन मजमुदार यांनी खूप भटकून शेवटी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधले. लोकांनी ते माळ्यावर टाकून दिले होते. कातायची सगळ्यांची तयारी होती, फक्त पेळू नियमित मिळायला हवे होते. उमर सोबानींनी ते आपल्या गिरणीतून पुरवले. म्हणजे पुन्हा गिरणीच! गांधीजींना हे खटकलं. मग महिना ३५ रुपयांवर पिंजारी ठेवला, कापूस मागून आणला, आणि पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची साखळी एकदाची जुळली.

पहिली खादी पडली गजाला १७ आणे, आणि रुंदी फक्त ३० इंच. गांधीजींनी गंगाबेनना चक्क डेडलाइन दिली. महिन्याभरात ४५ इंची धोतर मिळालं नाही तर आखूडच नेसणार. गंगाबेननी ५० इंची जोडी पाठवली!

पुढे २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी आपणहून फक्त पंचा स्वीकारला. १९२२ च्या खटल्यात बॅरिस्टरसाहेबांनी स्वतःचा धंदा शेतकरी आणि विणकर असा सांगितला.

ते यंत्रांच्या विरोधात होते असं सरसकट बोलतात, ते मला पटत नाही. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाखाचं बक्षीस लावलं. अटी बघा: झोपडीत चालेल इतका सुटसुटीत, बाईने आठ तास चालवला तरी दमू नये, किंमत १५० रुपयांच्या आत आणि २० वर्षं टिकायला हवा. आपले प्रोजेक्ट गाइड बरे म्हणायचे! किर्लोस्करांच्या मदतीने काळे यांनी चरखा तयार केला, पण तोही कसोटीला उतरला नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. १९४८ मध्ये गांधीजी गेले. अनेक चात्यांचा अंबर चरखा त्यानंतर आला.