कर्ज फेडलं, पण हिशोब शिकला नाही!
नागठाण्याच्या बालगंधर्वांची गोष्ट

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी नागठाणे नावाचं गाव आहे. ऊस, सोयाबीन, भाजीपाला पिकवणारं, चारचौघांसारखंच. पण महाराष्ट्राच्या नकाशावर हे गाव ठळक आहे ते एका नटामुळे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचं हे गाव. शेतीच्या पानावर नटाचं काय काम, असं वाचकांना वाटेल. पण या माणसाच्या आयुष्यात कर्ज, परतफेड आणि हिशोब यांचा असा काही धडा आहे, की तो आपल्या पानावर यायलाच हवा.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घरची परिस्थिती बेताची, पण गळा देवानं दिलेला. लहानपणीच त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी या पोराला हात दिला. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेला शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. त्या काळी घरंदाज बाया रंगभूमीवर येत नसत, त्यामुळे स्त्रीची भूमिका पुरुषच करायचे. पण नारायणराव लुगडं नेसून उभे राहिले की हा पुरुष आहे हे समोरचा माणूस विसरून जायचा. त्यांची नेसण, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने पाहून शहरातल्या बाया तशी फॅशन करू लागल्या. गाण्याचं शिक्षण भास्करबुवा बखल्यांसारख्या मोठ्या गवयाकडे झालं. बी मुळातच जातिवंत, त्यात मशागतही चांगली झाली.

मुलगी गेली, पण खेळ थांबला नाही

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. नारायणराव त्यात भामिनी करणार होते. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असं मंडळींना वाटणं साहजिक होतं. पण लोक तिकिटं काढून आलेत, त्यांना परत पाठवायचं नाही असं ठरवून नारायणराव तोंडाला रंग लावून उभे राहिले. तो प्रयोग गाजला. घरात मयत झालेलं असताना औत सोडायचं की पेरणीची वाफ साधायची, हा पेच शेतकऱ्याला नवा नाही. म्हणून ही गोष्ट आपल्याला लवकर कळते.

१९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांना भागीदार घेऊन स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली दारुड्याची बायको सिंधू, 'द्रौपदी' अशा एकाहून एक भूमिका झाल्या. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. भरजरी शालू नेसणारा हा नट त्यात फाटकं लुगडं नेसून जात्यावर दळायला बसायचा आणि थिएटरातली माणसं डोळे पुसायची.

जमा मोठी, खर्च त्याहून मोठा

आता मुद्द्याचं. मंडळीला पैसा बक्कळ मिळत होता. पण नारायणरावांना रंगभूमीवर खोटं काही चालायचं नाही. शालू खरे, पैठण्या खऱ्या, अत्तर उंची, पडदे नि सामान भारी. साथीला तबल्यावर थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष अशी नामी माणसं. बिऱ्हाडी रोज पंगती उठायच्या. एकट्या 'द्रौपदी'च्या सजावटीवर पाण्यासारखा पैसा गेला. हिशोब पाहणारे भागीदार एकेक करून आधीच बाजूला झाले होते. वही कोण बघतंय, व्याज किती चढलंय, याकडे मालकाचं लक्ष नव्हतं. परिणाम व्हायचा तोच झाला. १९२१ च्या सुमाराला मंडळी लाखाच्या पुढे कर्जात बुडाली. सोनं वीस-पंचवीस रुपये तोळा असतानाची ही गोष्ट आहे.

चाहते धनिक होते, वर्गणी काढून कर्ज फेडायची त्यांची तयारी होती. नारायणरावांनी ती मदत घेतली नाही. कर्ज मी केलंय, ते मीच गाऊन फेडीन, असा त्यांचा बाणा. पुढची सुमारे सात वर्षं गावोगाव खेळ करून, उत्पन्न सावकाराच्या हाती देऊन त्यांनी पै न् पै चुकती केली. याच काळात, १९२१ साली, टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर 'संयुक्त मानापमान'ही केलं आणि त्याचं उत्पन्न देशासाठी दिलं. स्वतः कर्जात असताना!

दुसऱ्यांदा मात्र सावरलं नाही

पण कर्ज फिटलं तरी सवय फिटली नाही. खर्चाचा हात तसाच सैल राहिला. त्यातच १९३२ पासून मराठी बोलपट आले आणि लोक तिकडे वळले. बाजार बदलला, पण यांचं पीक तेच राहिलं. १९३४ च्या अखेरीला मंडळी बंद पडली. प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात १९३५ साली त्यांनी संत एकनाथांचं काम केलं, पण समोर माणसं नसताना यंत्रापुढे गाणं त्यांना मानवलं नाही. ते परत नाटकाकडे वळले. मंडळी पुन्हा उभी केली, गोहरबाई कर्नाटकी साथीला आल्या, पण ते दिवस परतले नाहीत. पहिली पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. पुढे १९५१ साली गोहरबाईंशी लग्न केलं म्हणून टीकाही सोसावी लागली. उतारवयात पाय गेले. ज्याच्या पंगतीला शेकडो जेवून गेले, त्याचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी डोळे मिटले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हातून बसली होती. १९६८ साली ते खुलं झालं, ते पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

शेतकरी बंधूंनो, आपलं कर्ज आणि त्यांचं कर्ज एक नव्हे. आपलं कर्ज पाऊस आणि बाजारभाव करतात, त्यांचं शालूनं आणि अत्तरानं केलं. तेव्हा त्यांचं नाव घेऊन कुणी शेतकऱ्याला उधळ्या म्हणू नये. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून घेण्यासारख्या आहेत. कर्जात बुडालेला माणूस संपत नाही, अंगातल्या कसबावर तो वर येऊ शकतो, ही पहिली. आणि वर आल्यावर वही स्वतः बघितली नाही तर पुन्हा तिथंच जावं लागतं, ही दुसरी. गळा नागठाण्याच्या या माणसाला देवानं दिला होता. वही मात्र ज्याची त्यालाच लिहावी लागते.