विश्लेषण : महमूद गझनीच्या दरबारात बसून भारत वाचणारा अल-बिरुनी कोण होता?

महमूद गझनीच्या स्वाऱ्या आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण त्याच महमूदच्या राजधानीत, त्याच काळात एक विद्वान संस्कृत शिकत होता, भगवद्गीता आणि पुराणे समजून घेत होता, पतंजलीचे योगविचार अरबीत आणत होता. अबू रेहान अल-बिरुनी हे त्याचे नाव. ज्या देशावर आपला सुलतान स्वाऱ्या करतो, त्या देशातील लोकांविषयी खरे लिहिता येते का, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याच्या आयुष्यावर आणि कामावर एक नजर.

अल-बिरुनी मूळचा कुठला?

अल-बिरुनीचा जन्म इ.स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतात, काथ या राजधानीजवळ झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेला, अमू दर्या नदीच्या काठचा हा प्रदेश. आज हे ठिकाण उझबेकिस्तानात आहे आणि तिथल्या गावाला आता त्याचेच नाव आहे. फारसीत ‘बिरून’ म्हणजे बाहेर. शहराबाहेरच्या वस्तीतला म्हणून तो बिरुनी.

त्याची मातृभाषा ख्वारिझमी होती, म्हणजे ना अरबी, ना फारसी. या दोन्ही भाषा तो नंतर शिकला. लिखाणासाठी त्याने मुख्यतः अरबी निवडली, कारण त्या काळी स्पेनपासून मध्य आशियापर्यंत विद्येचा व्यवहार त्याच भाषेत चाले. ख्वारिझमच्या राजघराण्यातला गणितज्ञ अबू नस्र मन्सूर हा त्याचा गुरू. किशोरवयातच बिरुनी सूर्याची उंची मोजून गावाचे अक्षांश काढू लागला होता.

त्या काळचे इस्लामी जग कसे होते?

बगदादमध्ये अब्बासी खलिफा होता, पण त्याची सत्ता बरीचशी नावापुरती उरली होती. इराण आणि मध्य आशियात स्थानिक घराणी राज्य करत होती आणि आपसांत लढत होती. प्रत्येक दरबाराला मात्र कवी, वैद्य आणि ज्योतिषी हवे असत. त्यामुळे एका राजाचे छत्र गेले, तर विद्वान दुसऱ्या दरबाराची वाट धरत.

खगोलशास्त्राला धार्मिक व्यवहारातही स्थान होते. रोजच्या पाच नमाजांच्या वेळा सूर्याच्या स्थितीवर ठरतात. नमाज मक्केतील काबाच्या दिशेने, म्हणजे किब्ल्याकडे तोंड करून पढायचा असतो. रमजानचा महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. दूरच्या शहरातून मक्केची दिशा अचूक काढायची, तर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि गोलावरचे गणित लागते.

भारतीय गणिताची ओळखही या जगाला आधीच झाली होती. आठव्या शतकात बगदादमध्ये संस्कृत ज्योतिषग्रंथांच्या आधारे ‘सिंदहिंद’ नावाचा अरबी ग्रंथ तयार झाला. ‘सिद्धांत’ या शब्दाचेच ते अरबी रूप. भारतीय अंकपद्धतीही याच सुमारास पश्चिमेकडे निघाली.

तरुणपणीच घर का सोडावे लागले?

इ.स. ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला. गुरगंजच्या अमिराने काथ जिंकले आणि बिरुनीचे आश्रयदाते असलेले राजघराणे संपले. जेमतेम २२ वर्षांच्या बिरुनीला पळावे लागले. काही काळ त्याने आजच्या तेहरानजवळच्या राय शहरात हलाखीत काढला.

या धावपळीतही त्याचे काम थांबले नाही. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. बिरुनीने ते काथमधून पाहिले आणि अबुल वफा या गणितज्ञाने बगदादमधून. दोघांचे आधीच तसे ठरले होते. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडते, पण त्या क्षणी प्रत्येक शहरातली स्थानिक वेळ वेगळी असते. त्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतले अंतर त्यांनी काढले.

पुढे कॅस्पियन समुद्राजवळच्या गुरगान इथल्या राजाने त्याला आसरा दिला. तिथे इ.स. १००० च्या सुमारास त्याने आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला. पारशी, ज्यू, ख्रिस्ती, अरब, सोग्दी अशा अनेक समाजांच्या कालगणना आणि सणवार त्यात एकत्र मांडले आहेत. दुसऱ्यांच्या चालीरीतींकडे कुतूहलाने पाहण्याची त्याची सवय इथूनच दिसते. याच काळात तरुण इब्न सिनाशी त्याचा अ‍ॅरिस्टॉटलच्या विचारांवर पत्रव्यवहार झाला आणि तो चांगलाच तिखट होता.

बिरुनी गझनीला कसा पोहोचला?

काही वर्षांनी तो मायदेशी परतला आणि ख्वारिझमशाहचा सल्लागार झाला. पण महमूदची ताकद वाढत होती आणि त्याची नजर ख्वारिझमवर होती. धोका ओळखून इब्न सिना आधीच पश्चिमेकडे निघून गेला. बिरुनी मागे राहिला.

इ.स. १०१७ मध्ये ख्वारिझमशाहचा त्याच्याच लोकांनी खून केला. तो शाह महमूदचा मेहुणा होता. सूड घेण्याचे निमित्त मिळाले आणि महमूदने ख्वारिझम जिंकले. तिथल्या विद्वानांना तो आपल्याबरोबर गझनीला घेऊन गेला. त्यात ४४ वर्षांचा बिरुनी होता आणि त्याचा गुरू अबू नस्रही. काबूलच्या नैऋत्येला असलेले हे शहर बिरुनीचे कायमचे घर झाले. त्याला कैदी म्हणा किंवा दरबारी ज्योतिषी, सुलतानाच्या मर्जीवर राहण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. इ.स. १०१८ मध्ये काबूलजवळच्या एका गावात त्याच्याकडे साधे मोजमापाचे यंत्रही नव्हते. तेव्हा आकडेमोडीच्या पाटीवरच कोनाच्या खुणा आखून त्याने काम भागवले.

वयाच्या चाळिशीनंतर संस्कृत का शिकला?

गझनीत भारतातून आणलेले कैदी होते, तसेच पंडित, व्यापारी आणि दुभाषेही होते. बिरुनी स्वतः पंजाब आणि आसपासच्या भागात फिरला. पेशावर, झेलम, सियालकोट, मुलतान अशा ठिकाणांचे अक्षांश त्याने मोजले. त्याच्या पलीकडचा भारत त्याने पाहिला नाही. तो त्याला ग्रंथांतून आणि माणसांकडून कळला.

हिंदूंविषयी अरबीत त्याआधी जे लिहिले गेले होते, ते बहुतेक ऐकीव होते किंवा खोडून काढण्यासाठी लिहिलेले होते. एका विद्वान स्नेह्याने आग्रह केला, की हे नीट लिही. त्यासाठी मूळ ग्रंथ वाचणे भाग होते. संस्कृत अवघड असल्याची कबुली तो देतो. एका वस्तूला अनेक शब्द, एका शब्दाचे अनेक अर्थ, उच्चार जिभेवर न बसणारे आणि लेखनिकांच्या हस्तलिखितांत चुकाच चुका. तरीही मिळेल तिथून त्याने पोथ्या जमवल्या आणि दूरदूरचे पंडित शोधले. आधी तो त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसला. पुढे गणितातली कारणमीमांसा तोच त्यांना समजावू लागला, तेव्हा हे कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलास, असे ते विचारू लागले. काहींना तर तो जादूगार वाटला.

भारतावरच्या ग्रंथात काय आहे?

इ.स. १०३० मध्ये महमूदचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिरुनीने भारतावरचा ८० प्रकरणांचा ग्रंथ पूर्ण केला. तो ‘किताब-उल-हिंद’ या नावाने ओळखला जातो. मूळ लांबलचक नावाचा आशय असा, की भारताविषयी जे सांगितले जाते, त्यातले बुद्धीला पटणारे आणि न पटणारे यांची शहानिशा. ईश्वर, आत्मा, पुनर्जन्म, वर्णव्यवस्था, ग्रंथ, वजनेमापे, नद्या, ग्रहगणित, सण आणि लग्नाच्या चाली, असे सगळे त्यात येते. ब्रह्मगुप्त, वराहमिहिर, गीता, विष्णुपुराण यांचे दाखले जागोजागी आहेत.

मराठी वाचकांना यातला एक भाग जवळचा वाटेल. प्रवासाचे मार्ग सांगताना धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर तो मराठ्यांच्या देशाचा उल्लेख करतो. त्यापुढे कोकण आणि समुद्रकाठची त्याची राजधानी ठाणे. त्या वेळी उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते.

त्याची पद्धत साधी होती. आधी हिंदू स्वतः काय मानतात ते त्यांच्याच ग्रंथांतून सांगायचे, मग ग्रीकांच्या विचारांशी तुलना करायची. सामान्य माणसाची श्रद्धा आणि विद्वानांचा विचार यांत तो फरक करतो. विद्वान हिंदू एका, अनादी ईश्वराला मानतात, हे तो आपल्या मुस्लिम वाचकांना स्पष्ट सांगतो. मूर्तिपूजेविषयी लिहिताना तो आरसा आपल्याच समाजाकडे वळवतो. अशिक्षित मुसलमानापुढे पैगंबराचे किंवा मक्केचे चित्र ठेवले, तर तोही आनंदाने त्याचे मुके घेईल, असे त्याचे म्हणणे. डोळ्यांना दिसणारे काही हवे असणे ही माणसाची गरज आहे, एका धर्माचा दोष नव्हे, असा त्याचा रोख आहे.

म्हणजे तो हिंदूंची फक्त स्तुती करतो का?

अजिबात नाही. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखी विद्या नाही, असे मानणाऱ्या त्या काळच्या पंडितांवर तो सडकून टीका करतो. त्यांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, हेही तो वराहमिहिराचा दाखला देऊन सांगतो. ग्रहणाचे खरे कारण ठाऊक असूनही ब्रह्मगुप्ताने राहूच्या कथेला मान दिला, याचा त्याला राग येतो. जातींमधली उच्चनीचता हा हिंदू आणि मुसलमान यांच्यामधला सर्वांत मोठा अडसर आहे, असे तो नोंदवतो. मात्र इराणच्या जुन्या राजांनीही समाजाची अशीच विभागणी केली होती, याची आठवण लगेच करून देतो.

स्वकीयांनाही त्याने सोडले नाही. नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या एका यंत्रावर रोमी महिन्यांची नावे होती. ते परक्यांचे म्हणून एका धर्मनिष्ठाने नाकारले. रोमी लोक जेवतातही आणि बाजारातही हिंडतात, मग या दोन गोष्टीही सोडून द्या, असे बिरुनीने त्याला सुनावले.

महमूदच्या स्वाऱ्यांविषयी तो काय म्हणतो?

इथे त्याची खरी कसोटी होती. महमूदच्या पराक्रमाला तो नाकारत नाही, त्याचे नाव आदराने घेतो. पण त्याच दमात तो लिहितो, की या स्वाऱ्यांनी भारताची समृद्धी धुळीला मिळवली, लोक देशोधडीला लागले आणि त्यांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा बसला. जिंकलेल्या प्रदेशातून विद्या काढता पाय घेऊन काश्मीर, वाराणसीसारख्या दूरच्या ठिकाणी गेली, हेही तो सांगतो. ज्ञान मिळवणे आपल्याला इतके अवघड का झाले, याचे एक कारण आपलाच सुलतान आहे, हे त्याने गझनीत बसून लिहिले.

सोमनाथाविषयीही तो असेच लिहितो. भंगलेल्या लिंगाचा एक भाग गझनीच्या मैदानात आणि एक मशिदीच्या दाराशी पडला आहे, ही नोंद तो करतो. मग सोमनाथाचे महत्त्व काय, ते समजावून देतो. चंद्राची कथा, भरती-ओहोटीशी असलेले नाते, रोज तिथे आणले जाणारे गंगाजल आणि काश्मीरची फुले. पूर्व आफ्रिका आणि चीन यांच्यात ये-जा करणाऱ्या जहाजांचे हे बंदर असल्याने त्याची कीर्ती पसरली, हे कारणही तो देतो.

पृथ्वीचा आकार त्याने कसा मोजला?

नवव्या शतकात खलिफा मामूनच्या माणसांनी इराकमधील सिंजारच्या सपाट मैदानात मैलोन्‌मैल चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. बिरुनीने ती पायपीट टाळली. आजच्या पाकिस्तानी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्याला मैदानाला लागून असलेला डोंगर सापडला. त्याने आधी डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसते तो कोन मोजला. तो ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त होता. या दोन आकड्यांवरून त्याने पृथ्वीची त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात काढली. त्या काळचा हात साधारण अर्धा मीटर धरला, तर हे उत्तर आजच्या ६,३७१ किलोमीटरच्या जवळ जाते.

अखेर कशी झाली?

महमूदनंतर त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. खगोलशास्त्राचा आपला मोठा ग्रंथ बिरुनीने त्याला अर्पण केला. सुलतानाने बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि त्याने ती परत केली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याने रत्ने आणि धातूंवर लिहिले, त्यांची सापेक्ष घनता मोजली. साठी ओलांडल्यावर त्याने आपल्या लिखाणाची यादी केली, तेव्हा ती शंभराच्या वर गेली होती. औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ मात्र शेवटी अपुराच राहिला.

इ.स. १०५० च्या आसपास गझनीत त्याचा मृत्यू झाला. जुन्या चरित्रकारांनी त्याची एक कथा सांगितली आहे. अंथरुणाला खिळलेल्या बिरुनीला भेटायला एक न्यायपंडित आला. बिरुनीने त्याला वारसाहक्काच्या हिशेबातला एक अडलेला मुद्दा विचारला. आता कशाला, म्हणून तो कचरला. तेव्हा हे न कळताच जाण्यापेक्षा कळून गेलेले बरे, असे बिरुनीने त्याला समजावले. पंडिताने उत्तर दिले, निरोप घेतला आणि रस्त्यावर येतो तोच घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.

त्याच्या ग्रंथाचे पुढे काय झाले?

इब्न सिनाचे ग्रंथ लॅटिनमध्ये गेले आणि युरोपभर शिकवले गेले. बिरुनीचे काम तिकडे फारसे पोहोचले नाही. भारतावरच्या त्याच्या ग्रंथाची अरबी आवृत्ती जर्मन अभ्यासक एडवर्ड साखाऊ यांनी १८८७ मध्ये छापली. पाठोपाठ इंग्रजी भाषांतर आले. तेव्हापासून अकराव्या शतकातील भारताविषयी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक इतिहासकाराने हा ग्रंथ उघडला आहे. महमूदच्या लुटीतले सोने केव्हाच विरून गेले. त्या स्वाऱ्यांच्या काळातला भारत कसा विचार करत होता, हे मात्र आज बरेचसे त्याच्याच राजधानीत लिहिलेल्या या ग्रंथातून कळते.