वसई घेतली, आता पुढे काय?

सफाळ्याला उतरून दातिवऱ्याची एसटी कधी पकडलीय? वैतरणेच्या मुखाशी असलेला तिथला छोटासा कोट बघा आणि मग पाण्यापलीकडचा अर्नाळा. तो 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. या मोहिमेचा सेनापती होता चिमाजी आप्पा. बाजीरावांचा धाकटा भाऊ एवढीच त्याची ओळख तुम्हाला असेल, तर ते जरा अन्यायाचंच आहे.

पोर्तुगीज इथे 1534 पासून बसलेले. हिंदूंना उघडपणे पूजाअर्चा करायची चोरी. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी ही गाऱ्हाणी पुण्याला नेली आणि मोहीम ठरली. पण किनाऱ्यावर कोटच कोट! केळवे-माहीमला पहिल्या खेपेला हात पोळले. 1738 च्या शेवटी आप्पा जातीने कोकणात उतरला, तेव्हा कुठे जानेवारी 1739 मध्ये माहीम आणि तारापूर पडलं. तारापूरला बाजी भीवराव कामी आले. मग वसईचा वेढा, सुरुंग, ढासळलेले बुरूज. मराठ्यांच्याच हिशेबाने त्यांची 5 हजारांवर माणसं पडली.

एवढं रक्त सांडल्यावर तुम्ही शत्रूला काय दिलं असतं? आप्पाने मे 1739 च्या तहात शिबंदीला हत्यारांसकट, वाजतगाजत बाहेर पडू दिलं. शहर सोडणाऱ्यांना 8 दिवस दिले. आणि जे मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. जिंकलेला मुलूख उजाड करून चालत नाही, वसूल कोण देणार? हिशेबी म्हणा हवं तर, मला तो शहाणपणा वाटतो. मग सुभा बसवायचं काम शंकराजी केशव फडक्यांकडे आलं.

हाच प्रश्न पुढे अमेरिकेला पडला. ओहायो नदीपलीकडच्या नव्या मुलखासाठी तिथे 1787 मध्ये कायदा झाला: आधी गव्हर्नर नेमायचा, 60 हजार स्वतंत्र रहिवासी झाले की राज्याचा दर्जा, आणि उपासनेवरून कुणाला त्रास नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनी त्यांच्या संमतीशिवाय घेणार नाही, हेही त्यात लिहिलं होतं. घेतल्याच!

इथेही सगळं कलमाबरहुकूम झालं असं समजू नका. चर्चच्या घंटा उतरवून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. पण ख्रिस्ती गावं राहिली. वसईत तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारा डिसिल्वा किंवा लोपिस मराठीतच बोलतो ना?

आप्पाला हा सुभा नांदताना फारसा बघता आला नाही. तब्येत आधीपासून नाजूक. एप्रिल 1740 मध्ये बाजीराव गेले, त्याच डिसेंबरात तोही. वय जेमतेम तेहेतीस. मागे राहिला दहा वर्षांचा सदाशिव, पुढे पानिपतावर गेला तो.