जॉन पोस्टेल : विरोधी मतही जपून ठेवणारा इंटरनेटचा संपादक

व्हिडिओ कॉल सुरू असताना समोरच्याचा आवाज क्षणभर तुटतो, पण बोलणं पुढे चालू राहतं. हरवलेला शब्द परत मागवत बसलं, तर संभाषणच अडकेल. अशा कॉलसाठी लागणारी मोकळीक इंटरनेटमध्ये आहे, कारण १९७७ साली काही जणांनी वरिष्ठांच्या आराखड्याला हरकत घेतली. जॉन पोस्टेल त्यांपैकी एक.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिनाचा. लांब दाढी, पायात सँडल, असा त्यांचा अवतार. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकताना ते अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या कामात आले. हे काम बरंचसं विद्यार्थ्यांच्या हाती होतं. नियम ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी पहिलं टिपण लिहिलं, तेव्हा त्याला नियम न म्हणता ‘आरएफसी’, म्हणजे मतं मागवणारं टिपण, असं नाव दिलं. पटत नसेल त्याने आपलं टिपण लिहावं, एवढाच शिरस्ता.

या टिपणांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. संपादक म्हणून ते काटेकोर होते. एकदा प्रसिद्ध झालेल्या टिपणात पुन्हा बदल नाही. दुरुस्ती हवी तर नवं टिपण, नवा क्रमांक. त्यामुळे मागे पडलेली सूचनाही पुसली गेली नाही. ती कोणीही फुकट वाचावी, तिची प्रत काढावी.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढे हीच वाट धरली. पायथन भाषेत बदल सुचवणाऱ्याला विरोधी मतांचीही नोंद करावी लागते आणि फेटाळलेले प्रस्ताव सर्वांना पाहता येतात.

आता ती १९७७ ची हरकत. विंट सर्फ आणि बॉब कान यांच्या टीसीपी या आराखड्यात दोन कामं एकत्र होती : माहितीची पाकिटं पत्त्यावर नेणं आणि प्रत्येक पाकीट पोचल्याची खात्री करणं. जणू प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टानेच पाठवायचं. पण डॅनी कोहेन यांच्यासारखे लोक नेटवर्कवरून आवाज पाठवू पाहत होते, आणि उशिरा पोचलेला आवाज काय कामाचा? ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी लेखी मांडलं की आपण चुकतो आहोत, ही कामं वेगळी करा. सर्फ तेव्हा अर्पा या सरकारी संस्थेत होते आणि प्रकल्पाची सूत्रं त्यांच्याकडेच होती. तरी १९७८ मध्ये आराखडा फोडला गेला आणि टीसीपी व आयपी वेगळे झाले. पोचपावतीशिवाय चालणाऱ्या यूडीपीचं टिपण १९८० मध्ये पोस्टेल यांनीच लिहिलं. जेमतेम तीन पानांचं!

हा माणूस नेहमीच सर्वांना विचारून चालला, असं मात्र नाही. इंटरनेटवरच्या नावांची आणि क्रमांकांची व्यवस्था ते अनेक वर्षं पाहत होते. ती कोणाकडे असावी यावर अमेरिकी सरकारशी वाद पेटलेला असताना, २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी बारापैकी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल करून मूळ यादी आपल्याकडून घ्यायला लावली. सरकारने डोळे वटारल्यावर त्यांनी ते मागे घेतलं आणि ती चाचणी होती असं सांगितलं. चाचणी की शक्तिप्रदर्शन, यावर अजून दुमत आहे. आयुष्यभर हरकती मागवणाऱ्याने इथे मात्र आधी कृती केली, हे खटकतंच.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे त्यांचं निधन झालं. वय ५५. श्रद्धांजली लिहिली विंट सर्फ यांनी, आणि तीही आरएफसी म्हणूनच निघाली. क्रमांक २४६८.

पोस्टेल यांचं एक तत्त्व फार गाजलं : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. या उदारपणामुळे चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात, असा आक्षेप घेणारं टिपण २०२३ मध्ये निघालं. पोस्टेल यांनी सांभाळलेल्या त्याच मालिकेत, क्रमांक ९४१३.