सुरवंटांचे चरित्र लिहिणारी मारिया मेरियन

सुरतेच्या कतारगाम दरवाजाजवळ डच लोकांचे जुने कबरस्तान आहे. तेथील एक भव्य स्मारक हेंड्रिक व्हान ऱ्हीडे यांचे आहे. मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा विख्यात ग्रंथ सिद्ध करविणारे हे गृहस्थ इ. स. १६९१ मध्ये निवर्तले. त्यांचा ग्रंथ ज्या अॅमस्टरडॅम नगरीत छापला जात होता, तेथे त्याच वर्षी एक चित्रकर्ती आपल्या दोन कन्यांसह राहावयास आली. ऱ्हीडे यांनी वनस्पतींचा वेध घेतला. या विदुषीने वनस्पतींवर जगणाऱ्या सुरवंटांचा घेतला. त्या मारिया सिबिला मेरियन यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहो.

मारियेचा जन्म जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी २ एप्रिल १६४७ रोजी झाला. ती तीन वर्षांची असतानाच पिता वारला. सावत्र वडील फुलांची चित्रे काढण्यात निष्णात होते; त्यांच्याकडून तिला चित्रकला लाभली. वयाच्या तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. अंड्यातून अळी, अळीचा कोश आणि कोशातून पतंग हा क्रम पाहून ती थक्क झाली आणि मिळेल ती अळी घरी आणून वाढवू लागली. किडे चिखलातून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असे त्या काळी पुष्कळांस वाटत असे. अशा तुच्छ मानलेल्या जीवांसाठी एका मुलीने रोज ताजी पाने गोळा करावी, हे लोकांस विलक्षणच वाटले असेल.

पुढे विवाह झाला, संसार वाढला. पण अळ्यांच्या पेट्या घरातून हलल्या नाहीत. प्रत्येक अळीचे ठरावीक खाद्य असते, ते न मिळाल्यास ती उपाशी मरते, हे मेरियनबाईंनी अनुभवाने जाणले. कधी कधी कोशातून फुलपाखराऐवजी माश्या बाहेर पडत. तीही घटना त्यांनी नोंदून ठेविली. अळीच्या अंगात दुसऱ्या कीटकाची पिले वाढतात, याचे आज आपणांस ठाऊक असलेले रहस्य त्या नोंदींत दडलेले होते. इ. स. १६७९ मध्ये सुरवंटांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग व १६८३ मध्ये दुसरा भाग प्रसिद्ध झाला. प्रत्येक भागात पन्नास चित्रे होती आणि अळी, कोश, फुलपाखरू व त्यांचे खाद्य एकाच चित्रात दाखविलेले होते.

अॅमस्टरडॅममध्ये श्रीमंतांच्या संग्रहांत दूरदेशीची मृत फुलपाखरे टाचून ठेविलेली असत. ती कोणत्या अळीपासून झाली, हे मात्र तेथे कळत नसे. याचा शोध घेण्यासाठी बाईंनी आपली चित्रे विकून पैसा उभा केला आणि १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या कन्येसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम गाठले. तेथील मळेवाल्यांचे लक्ष साखरेवर होते. पण मूळ रहिवाशांनी व गुलामांनी बाईंना अरण्यातील जीव व वनस्पती दाखविल्या. आपल्या अंगणांतही फुलणारा शंकासूर त्यांनी तेथे चितारला. आपले मूल गुलामीत जन्मास येऊ नये म्हणून दासी त्याच्या बियांनी गर्भपात करीत. ही करुण हकीकतही त्यांनी लपविली नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले. चार वर्षांनी साठ चित्रांचा सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील वनस्पतींची माहिती कास्पर कॉमेलिन यांनी लिहिली. ऱ्हीडे यांच्या ग्रंथावर टिपा लिहिणारे यान कॉमेलिन हे त्यांचे चुलते. १३ जानेवारी १७१७ रोजी मेरियनबाई निवर्तल्या. पुढे लिनिअस या महान शास्त्रज्ञाने कीटकांस नावे देताना त्यांच्या चित्रांचा आधार घेतला.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? कढीपत्त्यावर वा लिंबावर बसलेली, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पाहून आपण नाक मुरडतो. तीच पुढे हिरवीगार होते, डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाची दुशिंगी बाहेर काढून उग्र वास सोडते, आणि शेवटी सुंदर फुलपाखरू होऊन उडते. रुईवरच्या पट्टेदार अळीचीही अशीच कथा आहे. त्या झाडांवर विषारी औषध न फवारता चार पाने अळीस सोडून द्यावी. घरात वाढवावयाची झाल्यास हवेशीर, जाळीने झाकलेल्या पेटीत ठेवून रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावी, घाण काढावी आणि कोशास हात लावू नये. फुलपाखरावर सारेच प्रेम करतात. सुरवंटावर माया करील त्याच्याच अंगणात फुलपाखरू येईल, असे आम्हांस वाटते.