सागरतीराची उपासिका

रॅचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी झाला. इंदापूर तालुक्यातील सणसरच्या मुलांना समुद्र जसा सह्याद्रीपलीकडे, तसाच तो या मुलीलाही दूर होता. परंतु आईने तिला पशुपक्ष्यांची ओळख करून दिली, आणि ग्रंथवाचनाने तिच्या मनात सागराची ओढ निर्माण केली. महाविद्यालयात ती साहित्य शिकण्यास गेली. तेथे जीवशास्त्राने तिचे मन जिंकले. अखेर १९२९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, वुड्स होल येथे तिला प्रथम समुद्रदर्शन घडले.

१९३५ साली वडील वारले. १९३७ साली थोरली बहीणही निवर्तली. तिच्या दोन मुलींचा भार रॅचेल व त्यांच्या आईने उचलला. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी करून त्या फावल्या वेळात लेखन करीत. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या सागरविषयक ग्रंथाने त्यांना कीर्ती व स्वास्थ्य लाभले. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

आता त्यांनी भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्याचे निरीक्षण आरंभिले. हा पट्टा दिवसातून काही काळ पाण्याखाली, तर काही काळ उघडा असतो. खडकाला चिकटलेले कवचधारी जीव ओहोटीस आपली दारे मिटून आत ओलावा राखतात आणि भरती येताच ती उघडून अन्न टिपतात. ऊन व कोरडेपणा सोसणारे जीव वर, तर न सोसणारे खाली, अशी प्रत्येकाची पायरी ठरलेली असते. कोकणातील खडकांवरही हाच नियम दिसतो. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील गार पाण्यात त्या इतका वेळ उभ्या राहत, की पाय बधिर होऊन चित्रकार बॉब हाइन्स यांना त्यांना उचलून आणावे लागे. या परिश्रमांचे फळ म्हणजे १९५५ सालचा किनाऱ्यावरील ग्रंथ होय.

एका जिवाचे जीवन दुसऱ्याशी निगडित असते, हे किनाऱ्यावर उमगलेले सत्य त्यांनी शेतांनाही लावले. कीटकनाशकांच्या अविचारी वापराचे दुष्परिणाम त्यांनी १९६२ साली ग्रंथरूपाने मांडले. कर्करोगाने शरीर जर्जर झाले होते. रसायन-कारखानदारांनी टीकेची झोड उठविली. तरी त्या ढळल्या नाहीत. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. त्यांच्या रक्षेचा काही भाग मेनच्या त्याच खडकाळ किनाऱ्यावर विसर्जित करण्यात आला.